‘सर, मला समजले नाही’

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



‘परीक्षेतील यश’ ह्या विषयावर चार शब्द बोलावेत, असे चिटणीससाहेबांनी मला पाठविलेल्या पत्रात लिहिले होते. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले बोलतात. मी त्यांची परवानगी मागून घेतली आणि विषय थोडासा बदलला. वर्गात आपली मुले बोलत का नाहीत, ह्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. वस्तुतः परीक्षेतल्या यशाचा आणि ह्या गोष्टीचा फार जवळचा संबंध आहे, हे पुढे आपल्या ध्यानात येईलच.

मघाशी मी शाळेच्या फाटकातून आत आलो तेव्हा मैदानावर मुलांचा एवढा कल्ला चालू होता की कोणी कोणाला बाद केले ह्यावरून आता मारामारी होते की काय, असे वाटले. तीच मुले ह्या सभागृहात येऊन बसली आणि मुख्याध्यापकांनी एक प्रश्न विचारला तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. आम्ही शिक्षक ह्या शांततेवर खूश असतो. पूर्वी तपासणीला साहेब येत, वर्गात डोकावत आणि शेऱ्याच्या वहीत ‘शिस्त उत्तम’ असे लिहून जात. मलाही असे शेरे मिळाले आहेत. त्यातल्या एका वर्षाची हकीकत मी आज सांगणार आहे.

मी १९८४ साली खाडीकाठच्या एका गावी गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो. दोन वर्षांनी सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगत नाही. मागून दुसऱ्या बाकावर बसणारी, वह्या स्वच्छ, गैरहजेरी नाही, आणि वर्षभरात तोंडातून एक शब्द नाही. मी उदाहरण फळ्यावर सोडवून ‘समजले का?’ असे विचारीत असे आणि सगळा वर्ग एका सुरात ‘होऽ सर’ म्हणत असे. त्यात तिचाही आवाज असणार. पण तिची वही पाहिली की उदाहरणच चुकीचे उतरविलेले असे. तीनच्या जागी आठ, एकच्या जागी सात. मी लाल शाईने फुल्या मारल्या आणि प्रगतिपुस्तकात लिहिले, ‘लक्ष देत नाही’. वार्षिक परीक्षेत ती गणितात नापास झाली. वडील बोटीवर होते. चुलत्यांनी ठरविले की मुलीच्या जातीला एवढे शिक्षण पुरे. तिचे नाव पटावरून कमी झाले आणि माझ्या शेऱ्याच्या वहीत त्या वर्षी ‘शिस्त उत्तम’ असे आले.

पुढे दीडएक वर्षाने एस.टी. स्टँडवर ती आपल्या आईबरोबर उभी होती. समोर गाडी लागली होती, गाडीवर पाटी होती, आणि ती आईला विचारीत होती की ही गाडी कुठली. मी जवळ गेलो. चौकशी करता कळले की तिला लांबचे दिसतच नव्हते. माझ्या वर्गात ती शेजारणीच्या वहीतून, जेवढे जमेल तेवढे उतरवून घेत होती. मी विचारले, ‘बेटी, तू मला एकदा तरी सांगायचेस!’ तिने मान खाली घातली. उत्तर तिच्या आईने दिले, ‘सर, मोठ्या माणसांपुढे तोंड उघडायचे नाही, असे आम्हीच तिला शिकवले.’

एका चष्म्याने काम झाले असते. आज चाळीस वर्षे होत आली, तरी ती लाल शाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता त्या माउलीला मी दोष कसा देऊ? तिने जे शिकविले ते अदब म्हणून शिकविले. आपल्या समाजात अदबीला फार मान आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु अदब म्हणजे मौन, ही समजूत आपण कोठून आणली, हे जरा तपासून पाहू या.

सहीह बुखारीमध्ये इल्मविषयक प्रकरणात एक प्रसंग आला आहे. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी आपल्या साथीदारांना एक कोडे घातले. एक झाड असे आहे की त्याची पाने गळत नाहीत आणि ते मोमिनासारखे आहे, ते कोणते? मंडळी रानातल्या निरनिराळ्या झाडांची नावे आठवू लागली. तेथे हजरत उमर (रजि.) यांचे चिरंजीव अब्दुल्ला हेही बसले होते. त्यांच्या मनात आले की ते झाड खजुराचे. उत्तर बरोबर होते, परंतु आपण वयाने लहान, थोरामोठ्यांसमोर कसे बोलावे, ह्या संकोचाने ते गप्प राहिले. शेवटी हुजुरांनीच उत्तर सांगितले. नंतर मुलाने ही गोष्ट वडिलांच्या कानावर घातली. आता विचार करा, आपल्यापैकी एखादा बाप काय म्हणाला असता? ‘शाबास, थोरांचा मान राखलास!’ असेच ना? हजरत उमर (रजि.) यांनी तसे म्हटले नाही. तू बोलला असतास तर मला अमुक अमुक मिळाल्यापेक्षा अधिक आनंद झाला असता, अशा अर्थाचे ते बोलले. बाप हळहळला तो मुलाच्या न बोलण्याबद्दल.

त्याच हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतला दुसरा प्रसंगही बुखारीतच आहे. त्यांनी एका आयतीचा अर्थ मंडळींना विचारला. मंडळी म्हणाली, अल्लाह अधिक जाणतो. हे उत्तर त्यांना आवडले नाही. माहीत असेल तर माहीत आहे म्हणा, नसेल तर नाही म्हणा, असे ते रागावून म्हणाले. तेव्हा तरुण इब्ने अब्बास (रजि.) हळूच म्हणाले की माझ्या मनात काहीतरी आले आहे. त्यावर खलिफांनी त्यांना पुतण्या म्हणून हाक मारली, बोलावयास सांगितले आणि स्वतःला कमी लेखू नकोस असेही बजावले. मला तर वाटते की शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा प्रसंग अभ्यासाला ठेवावा. आणि आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट: मदिनेच्या अन्सार स्त्रियांची हजरत आयेशा (रजि.) यांनी तारीफ केली आहे ती अशासाठी की, दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. लाजरेपणाला ‘मुलीचा दागिना’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मदरशांची जुनी रीत पाहा. सकाळी उस्तादांकडे सबक झाला की संध्याकाळी विद्यार्थी घोळक्याने बसतात. एक जण तोच सबक पुन्हा समजावून सांगतो, बाकीचे त्याला अडवतात, विचारतात. ह्याला तिकडे ‘तकरार’ म्हणतात. मूळ अरबी अर्थ पुन्हा पुन्हा करणे. तो शब्द मराठीत येता येता ‘तक्रार’ झाला आणि विद्यार्थ्याने तोंड उघडले की आपण म्हणू लागलो, ह्याची तक्रार फार! ‘सवाल’ आणि ‘जवाब’ हे शब्दही तिकडचेच. शब्द आपण घेतले, रीत मात्र मागे राहिली.

आता दुसरे कारण, आणि माझ्या मते कोकणात तरी हेच मोठे आहे. ते म्हणजे भाषा. आपल्या मुलाच्या डोक्यावर केवढे ओझे असते ते मोजा. घरात आपली कोकणी बोली, मकतबात अरबीची उजळणी, उर्दू शाळेत उर्दू, बाजारात आणि कचेरीत मराठी, आणि आता आपण हौसेने इंग्रजी माध्यमात घातलेले. एकाच आकृतीला एक शिक्षक ‘त्रिकोण’ म्हणतो, दुसरा ‘मुसल्लस’, तिसरा ‘ट्रँगल’. अपूर्णांकाला उर्दूत ‘कसर’. मुलाला आकृती कळलेली असते, हिशेब कळलेला असतो. नेमका शब्द आठवत नाही, बोलीतला शब्द तोंडातून गेला तर सगळे हसतील, म्हणून ते गप्प बसते. आणि आम्ही लिहितो, ‘लक्ष देत नाही’.

एकदा भरती-ओहोटीचा धडा चालला होता. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून मी त्या तासाला गेलो होतो. मी पुस्तकातले वाचून दाखविले की चंद्राच्या आकर्षणामुळे भरती येते, अमावास्या-पौर्णिमेला मोठी येते, वगैरे. शेवटच्या बाकावर एका मच्छीमाराचा मुलगा होता. तो काहीतरी पुटपुटला आणि शेजारचा हसला. एरवी मी दोघांनाही उभे केले असते. त्या दिवशी कोणी सुबुद्धी दिली कोण जाणे, मी म्हटले, ‘तुझ्या घरच्या भाषेत सांग, मला चालेल.’ तो अडखळत म्हणाला की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. उधाण कधी, भांग कधी, सगळे त्याला पाठ. मी खडू त्याच्या हातात दिला. चार गुणिले तीन छेद चार, बरोबर तीन. ज्या मुलाला गेले तीन महिने अपूर्णांकांचा गुणाकार येत नाही म्हणून मी खाली बसवीत होतो, तो मुलगा रोज पहाटे बापाबरोबर तोच गुणाकार करून होडी लोटत होता. हिशेब ढोबळ आहे, थोडे मागेपुढे होते, हेही त्यानेच सांगितले. त्या दिवशी मी वर्गात शिकलो.

म्हणून शिक्षक बंधूंना माझी विनंती आहे की, उत्तर आधी कोणत्याही भाषेत येऊ द्या. मग पुस्तकातला शब्द शेजारी लिहा. बोलीला फळ्यावर जागा मिळाली की मुलाला वर्गात जागा मिळाल्यासारखे वाटते. मुलांच्या घरच्या भाषेला शिक्षणात स्थान असावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटले आहे. पण धोरणाची वाट कशाला पाहावयाची?

तिसरे कारण हसण्याचे. ह्यावर फार बोलण्याची गरज नाही, प्रत्येकाला अनुभव आहे. मुलांचे हसणे एक वेळ परवडते. शिक्षकाचे उपहासाचे बोल मूल जन्मभर विसरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे. छडी बहुतेक ठिकाणी गेली. जिभेचे मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही.

मग करावे काय? मी स्वतः जे करून पाहिले ते सांगतो, त्यात फसलेलेही सांगतो. पहिल्या उत्साहात मी नियम केला की रोज एका मुलाने वर्गापुढे उभे राहून पाच मिनिटे बोलावे. परिणाम असा झाला की ज्याची पाळी त्याला त्या दिवशी नेमका ताप येई. दोन आठवड्यांत मी तो नियम गुंडाळला. मग प्रश्नपेटी ठेवली. पहिल्या आठवड्यात तिच्यात प्रश्न कमी आणि शिक्षकांची टोपणनावे जास्त निघाली. माझेही होते, ते येथे सांगण्यासारखे नाही. पेटी बंद करा असे काही जण म्हणाले, आम्ही केली नाही. महिनाभराने खरे प्रश्न येऊ लागले. एका चिठ्ठीत लिहिले होते, ‘उणे गुणिले उणे अधिक का?’ हा प्रश्न वीस वर्षांत मला कोणी तोंडी विचारला नव्हता. आणि खरे सांगतो, त्याचे चांगले उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. ‘उद्या वाचून सांगतो’ असे मी वर्गाला म्हटले. मुले चकित झाली. सरांनाही एखादी गोष्ट येत नसते, हे कळल्यावर त्या वर्गात हात वर येऊ लागले.

सर्वांत उपयोगी पडली ती अगदी बिनखर्चाची गोष्ट. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या विदुषींनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण करून तपासले. त्यांना आढळले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतो आणि पुढे जातो. शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झाले. मी हे वाचले तेव्हा मला हसू आले. तीन सेकंद ते काय! पण वर्गात करून पाहा. प्रश्न विचारून मनात एक, दोन, तीन म्हणेपर्यंत शिक्षकाला घाम फुटतो. पुढच्या बाकावरचे तेच ते पाच हात वर येतात आणि आपण लगेच त्यांतल्या एकाकडे वळतो. आपल्या मुलाला तर आधी प्रश्न आपल्या बोलीत न्यावा लागतो, उत्तर शोधावे लागते आणि परत पुस्तकी भाषेत आणावे लागते. त्याला तीन नव्हे, पाच सेकंद द्या.

त्याखेरीज, सगळ्यांसमोर बोलण्यापूर्वी शेजाऱ्याशी दोन मिनिटे बोलू द्यावे. एकट्याचे चुकले तर लाज वाटते, दोघांचे चुकले तर तेवढी वाटत नाही. आणि ‘समजले का?’ हा प्रश्न तर शिक्षकांनी सोडूनच द्यावा. त्याला ‘होऽ सर’ ह्याशिवाय दुसरे उत्तर नसते. ‘ह्यातली कोणती पायरी अवघड वाटली?’ असे विचारावे.

आता थोडे पालकांकडे वळतो. आपल्या अनेक घरांत वडील कुवेतला, दुबईला, सौदीला, नाही तर बोटीवर असतात. पूर्वी पत्र येई, पुढे फोन आला, आता तर मोबाइलवर चेहराही दिसतो. पण बोलणे काय होते? ‘मार्क किती पडले? नमाज पढतोस का? अम्मीला त्रास देतोस का?’ मूल तीन वेळा मान हलवते आणि फोन आईकडे देते. बापाचा दोष नाही; दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाला आणखी काय सुचणार? तरीपण माझी विनंती आहे की, आठवड्यातून एकदा तरी विचारा, ‘आज वर्गात तू काय विचारलेस?’ पहिल्या आठवड्यात उत्तर येईल, ‘काही नाही.’ रागावू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. आणि मुलाने घरात एखादी गोष्ट ‘का?’ म्हणून विचारली तर ‘उलट बोलतोस?’ असे लगेच म्हणू नका. उलट बोलणे आणि उलगडून विचारणे ह्यांतला फरक आवाजावरून कळतो, आणि तो आईबापांना कळत नाही असे थोडेच आहे.

येथे एक गंभीर गोष्ट दोन वाक्यांत सांगितलीच पाहिजे. ज्या मुलाला ‘मला फळा दिसत नाही’ हे सांगता येत नाही, त्याला ‘अमुक माणूस मला त्रास देतो’ हे कसे सांगता येईल? शाळेतल्या तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते आणि ती कधी उघडली जाते, हे पालकांनी येऊन विचारावे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांकही प्रत्येक मुलाला पाठ असावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला वाटत असेल, सर सगळे शिक्षकांना आणि आईबापांना सांगतात, आमचे बरे झाले. तसे नाही. तुम्हांलाही थोडे कष्ट आहेत. ‘समजले नाही’ एवढेच म्हणू नका. कोठपर्यंत समजले आणि कोठे अडले, ते सांगा. त्यासाठी घरी एकदा वाचून यावे लागते. विचारताना आवाज नम्र ठेवा, शिक्षकांचे बोलणे पुरे होऊ द्या. तुमची अदब त्यात दिसू द्या. सर्वांसमोर धीर होत नसेल तर तास संपल्यावर विचारा, तेही होत नसेल तर चिठ्ठी लिहा. आणि शेजारचा विचारीत असताना हसू नका. शहाण्या मुलांना मी विशेष सांगतो, कारण सर्वांत जास्त हसतात ती तुम्हीच. ज्याला येत नाही तो विचारतो तेव्हा ज्याला येते असे वाटते त्याचेही पुष्कळदा पक्के होते.

त्या मुलीची पुढची हकीकत काहींनी मघाशी चहाच्या वेळी विचारली. ती शाळेत परतली नाही. चष्मा लागला, लग्न झाले, संसार झाला. तिच्या दोन्ही मुली मात्र शिकल्या; धाकटी आमच्याच शाळेत माझ्या वर्गात होती. पहिल्याच दिवशी मी तिला पुढच्या बाकावर बसविले. ती उठून म्हणाली, ‘सर, मला मागूनही दिसते.’ मी तिला मागे जाऊ दिले.

माझे बोलणे येथे संपले. आभारप्रदर्शनाला अजून वेळ आहे असे अध्यक्षमहाशय खुणावीत आहेत, तेव्हा प्रश्न घेऊ. पुढच्या रांगेतल्यांनी कृपा करून थांबावे. मागच्या बाकांपासून सुरुवात करू. हवे त्या भाषेत विचारा. माइक मागे पाठवा. मी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे, मला घाई नाही.